अवस शुक्रवारपर्यंत होती

माझ्या आजीला १७ जुलै ही तारीख ठाऊक नव्हती. म्हणजे कानांवर ती आली असणारच. वर्षातून एकदा वर्तमानपत्रात चार ओळी येत आणि कोणीतरी त्या वाचून दाखवी. पण तिच्या हिशेबात तो दिवस आषाढातल्या अवसेचा होता, दिव्यांच्या अवसेचा. तारीख सरकारची, अवस आपली, असे ती म्हणे. मी शाळेत असताना या वाक्याला जुन्या माणसांचा हेकटपणा समजत होतो. पुढे भाषाशास्त्राचा अभ्यास झाला, तेव्हा त्या वाक्यात हेकटपणापेक्षा बरेच काही आहे, हे हळूहळू लक्षात आले; तोपर्यंत मात्र मी स्वतःच तिच्या बाबतीत एक चूक करून बसलो होतो. तिच्याविषयी पुढे सांगायचेच आहे.

गाव आक्षी, तालुका अलिबाग. मराठी भाषेच्या इतिहासाची अभ्यासपत्रिका घेतलेल्या विद्यार्थ्यांना हे नाव नवे नसेल. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी ज्याचे वाचन शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असे केले, तो मराठी शिलालेख याच गावचा. त्यात कोकणच्या राजाचे नाव आहे, दानाची नोंद आहे आणि शकाचा आकडा आहे. ज्या गावाच्या दगडावर नऊशे-हजार वर्षांपूर्वी कोणीतरी काळाची नोंद कोरली, त्या गावात १९४७ सालच्या एका दिवसाची नोंद कुठेही कोरलेली नाही. ती माणसांच्या बोलण्यात राहिली, आणि आता तीही विरत चालली आहे.

त्या दिवसाचा सरकारी तपशील थोडक्यात असा. १७ जुलै १९४७, गुरुवार. सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ नावाची आगबोट रेवस बंदराकडे निघाली. १९३६ साली ब्रिटनमध्ये बांधलेली, सुमारे १८० फूट लांबीची ही बोट होती. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागायचा होता, तोही त्या वर्षी अधिक. त्यामुळे अवसेला घरी पोचण्यासाठी मुंबईतले कोकणकर निघाले होते. गिरणीतले, गोदीतले, पेढ्यांवरचे, खानावळीत जेवून महिना काढणारे लोक. बोट बंदराबाहेर पडून काशाच्या खडकाच्या आसपास आली, तेव्हा वारा आणि पाऊस वाढला होता. लाट आत आली, घाबरलेले उतारू एका बाजूला लोटले गेले आणि बोट कलंडली. सातशेहून अधिक माणसे तिच्यात होती असे मानले जाते. त्यांतली सहाशेहून अधिक परतली नाहीत. जी वाचली, त्यांतल्या अनेकांना कोळ्यांच्या होड्यांनी पाण्यातून उचलले. दीड तासाचा प्रवास होता. निघून एक तासही झाला नव्हता.

त्यानंतर एकोणतीस दिवसांनी देश स्वतंत्र झाला. इतिहासाची पुस्तके त्या दिवसाकडे गेली, आणि ते योग्यच होते. पण अलिबाग, पेण, रोहा, माणगाव या भागांतल्या घरांनी त्या वर्षी तिरंगा पाहिला तो सुतकातून, ही गोष्ट सांगणारा परिच्छेद मला तरी माझ्या शाळेच्या पुस्तकात सापडला नाही.

आता आजीच्या ‘अवस आपली’ या वाक्याकडे येतो. आपण शहरातले शिकलेले लोक तिथी म्हणजे धार्मिक बाब समजतो. किनाऱ्यावर तसे नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकणपट्टीच्या किनाऱ्यावर निरक्षर माणसालाही येतो. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अवस-पुनवेला साडेअकरा-बाराच्या आत. शिवाय अवस आणि पुनव म्हणजे उधाण. पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि नेहमीपेक्षा खाली जाते. म्हणजे ‘आषाढातली अवस’ असे म्हटले की पाऊस कोणता, वारा कुठला, समुद्राला उधाण आहे की नाही, सकाळी आठला पाणी चढते आहे की उतरते आहे, हे सारे त्या दोन शब्दांत येते. ‘१७ जुलै’ या शब्दांतून समुद्राविषयी काहीही कळत नाही. तारखेत घटना असते. तिथीत घटनेबरोबर पाणीही असते.

त्याच अवसेला गटारी असेही म्हणतात, आणि मुंबईकडून येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या पिशव्यांत त्या नावाला साजेसे सामान असणार. अलीकडे या शब्दाचे मूळ ‘गतहारी’ असे सांगण्याची पद्धत पडली आहे. मला ती व्युत्पत्ती पटत नाही. लोकांनी हसत हसत ठेवलेल्या नावाला सोवळे नेसवण्याचा तो प्रयत्न वाटतो. पण हे विषयांतर झाले.

आजोबा मुंबईत एका कापडाच्या पेढीवर कारकून होते. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येत. त्यांचे शेवटचे कार्ड आजीने पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. मी ते पाहिले आहे. त्यात पणजोबांना साष्टांग नमस्कार होता, वाडीतल्या विहिरीच्या रहाटाविषयी दोन ओळी होत्या, माझ्या वडिलांसाठी पाटी आणतो असे होते आणि शेवटी ‘अवसेस येत आहे’ एवढेच होते. वार नाही, तारीख नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यांना दोघांनाही त्याची गरज वाटली नव्हती.

आजी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. वडील सहा वर्षांचे. तिने चिंच आणि राख लावून समया, निरांजने, लामणदिवा घासून पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडले आणि संध्याकाळी पूजा केली. रेवसहून अलिबागपर्यंत मोटार, पुढे पायी किंवा गाडीने. एरवी दुपारी तीनपर्यंत माणूस घरी पोचत असे. पाऊस होता, म्हणून उशीर होईल असे सगळ्यांनी गृहीत धरले. बातमी गावात रात्री आली. ती कोणी आणली याविषयी घरात दोन मते होती. आजीचे स्वतःचे वर्णन मात्र एका वाक्याचे होते आणि ते ती नेहमी त्याच शब्दांत सांगे: “अवस लागली, पण बोट लागली नाही.”

‘लागणे’ हे मराठीतले फार कष्टाळू क्रियापद आहे. तिथी लागते, बोट धक्क्याला लागते, बोटीत बसलेल्याला बोट लागते म्हणजे मळमळते, आणि पुढचे आठ दिवस किनाऱ्यावर जे देह लागत होते त्यांनाही हेच क्रियापद. पणजोबा रोज पहाटे निघून किनाऱ्याने चालत उत्तरेकडे जात. वरसोली, थळ, किहीम, जिथे म्हणून काही लागल्याचे कळे तिथे. संध्याकाळी येत, पाय धूत आणि ओटीवर बसत. आजी दाराआड उभी राही. तिने विचारायचे नाही आणि त्यांनी सांगायचे नाही, अशी ती रीत ठरून गेली. आठव्या दिवशी त्यांनी आल्यावर पाय धुतले नाहीत, तसेच बसून राहिले. तेव्हा शोध संपला, हे घराला कळले.

याच दिवसांत गावात ‘म्हणे’ पसरले. विद्यार्थिमित्रहो, ‘म्हणे’ या शब्दाकडे आपण जरा थांबून पाहू. रूप क्रियापदाचे आहे, पण वाक्याच्या शेवटी येणारा ‘म्हणे’ क्रियापदाचे काम करीत नाही. ‘तो वाचला म्हणे’ या वाक्यात कोण म्हणतो याला उत्तर नसते. मी पाहिलेले नाही, माझ्यापर्यंत आलेले आहे, खरेखोटेपणाची जबाबदारी माझ्यावर नाही, असे सगळे हे दोन अक्षरांचे अव्यय सांगते. एक मुलगा तरंगत तरंगत थेट मुंबईच्या बाजूला लागला म्हणे. एका बाईने ट्रंकेला धरून चार तास काढले म्हणे. आणि आमच्या घरापुरते असे, की आजोबा गुरुवारी सकाळी पेढीवर दिसले होते म्हणे. हे कोणी सांगितले, कोणाला सांगितले, याचा माग पणजोबांनी पुढे काढला. तो कुठेही पोचला नाही. पण वाक्य आजीपर्यंत पोचले होते.

त्याला तिने जोड दिली ती पंचांगाची. त्या वर्षीची अमावास्या गुरुवारी लागली होती, पण ती शुक्रवारी सकाळपर्यंत होती. ‘अवसेस येत आहे’ याचा अर्थ गुरुवारच्या बोटीनेच येतो असा होत नाही, शुक्रवारीही अवस होतीच, असे तिचे म्हणणे. उतारूंच्या संख्येविषयीही गोंधळ होता. तिकीट न काढता चढलेले होते, तिकीट काढून न चढलेलेही असतील. तिने गुरुवारी रात्री कणकेचे चार दिवे झाकून ठेवले होते, ते शुक्रवारी दुपारपर्यंत कोणाला हलवू दिले नाहीत. मामंजींसमोर कधीही तोंड न उघडणारी ती सून, त्यांनी भटजींना बोलावले तेव्हा दाराआडून एवढेच म्हणाली, “अवस शुक्रवारपर्यंत होती.”

प्रश्न दिवस घालण्याचा होता. मराठीत ‘दिवस’ हा शब्दही असाच अनेक कामांचा धनी. दिवस येतात, दिवस जातात, बाईला दिवस जातात, संध्याकाळी दिवस बुडतो आणि मेलेल्या माणसाचे दिवस घालतात. देह हाती लागला नाही तर काय करावे, याची तरतूद परंपरेत आहे. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या ३६० पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. माणसाच्या हाडांची संख्या शास्त्राने तेवढी मानली आहे. मृत्यू निश्चित असेल तर बारा वर्षे थांबायची गरज नसते, असे भटजींचे म्हणणे होते आणि गावाचेही. आजीचे म्हणणे, निश्चित कोणी केले? पणजोबांनी भटजींना परत पाठवले. सून बरोबर बोलते असे त्यांना वाटले नव्हते, हे वडिलांनी मला सांगितले आहे. पण आठ दिवस किनाऱ्याने चाललेल्या माणसालाही ‘निश्चित’ हा शब्द उच्चारवला नसावा.

म्हणून आजी कुंकू लावत राहिली. काही बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणे बंद केले, काहींनी चालू ठेवले. मला त्या चालू ठेवणाऱ्यांची नावे सांगता येतील, पण त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती छापणे बरे नाही.

या वाट पाहण्याची किंमत वडिलांनी मोजली. आजोबांनी आपल्या पगारातून नारळी-पोफळीच्या वाडीचा एक लहान तुकडा घेतला होता आणि तो त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. १९५८ साली वडील मॅट्रिक झाले. कॉलेजसाठी मुंबईला राहायचे तर पैसे हवेत, पैशासाठी तुकडा गहाण ठेवायला हवा आणि गहाण ठेवण्यासाठी वारसांची नोंद हवी. कायद्याच्या दृष्टीने अडचण नव्हती. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील कलम १०८ प्रमाणे सात वर्षे ज्याची खबरबात नाही, तो हयात असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तेव्हा तसे म्हणणाऱ्यावर येत असे. अडचण होती ती अर्जातल्या एका शब्दाची. अर्जात आजोबांच्या नावाआधी ‘मयत’ असे लिहायचे होते आणि खाली आजीची सही हवी होती. आजीला सही करता येत होती. ती म्हणाली, “‘बेपत्ता’ लिहा, करते.” कचेरीतल्या माणसाने समजावले की बेपत्ता माणसाचे वारस नसतात. त्यावर ती काही न बोलता घरी आली.

पुढच्या वर्षी बारा वर्षे भरली. तोवर वडील अलिबागला एका दुकानात हिशेब लिहायला लागले होते. तो विधी झाला, पळसाची पाने मोजून ठेवायला माझी आत्या आणि शेजारच्या मुली बसल्या होत्या. आजीने कुंकू पुसले, ‘मयत’ या शब्दाखाली सही केली आणि तुकडा वडिलांच्या नावावर झाला. कॉलेजचा प्रश्न उरला नव्हता. वडिलांनी तो तुकडा कधीही गहाण टाकला नाही, विकलाही नाही.

माझा जन्म त्यानंतरचा, १९६८चा. मला आठवते ती पांढऱ्या कपाळाची आजी. घरात आजोबांविषयी बोलणे होत असे ते सहज, एखाद्या दूरच्या गावी असलेल्या माणसाविषयी व्हावे तसे. हे नारळ सोलताना असे करत, यांना तांदळाची भाकरी आवडते. आणि बोटीचा विषय निघाला की, “हे मुंबईला गेलेत.” लहानपणी या वाक्यात वावगे काही आहे असे मला वाटले नाही. मूल भाषा जशी ऐकते तशी घेते. व्याकरण नंतर येते.

व्याकरण आले तेव्हा मी पंचविशीत होतो. अलिबाग परिसरातल्या बोलींतील काळ आणि क्रियाव्याप्ती असा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. १९९३च्या मे महिन्यात मी टेपरेकॉर्डर आणि छापील प्रश्नावली घेऊन घरी गेलो. किनारपट्टीचे निवेदक मिळवणे सोपे नव्हते, आजी घरातच होती, सवड होती, स्मरण चांगले होते. पहिले दोन दिवस तिने उत्साहाने कहाण्या सांगितल्या. ओटीवर बसून, मधूनच ‘हे आतमध्ये शिरतंय का रे?’ असे टेपरेकॉर्डरला विचारत.

तिसऱ्या दिवशी प्रश्नावली सुरू केली. मला एकाच धातूची तीन रूपे हवी होती: गेला, गेलाय, गेला होता. ‘गेले’ आणि ‘गेलेत’ यांतला भेद आपल्याला माहीत असतो, पण आपण तो सांगू शकत नाही. ‘ते मुंबईला गेलेत’ म्हणजे गेले आहेत, आता तिथे आहेत, यायचे आहेत. जाण्याची क्रिया संपली, तिचा परिणाम चालू आहे. ‘ते गेले’ हे मात्र संपलेले वाक्य आहे, इतके की त्यापुढे स्थळ जोडले नाही तर मराठीत त्याचा अर्थ मरण असाच होतो. ‘गेले आहेत’ मधल्या ‘आहेत’चा आखडलेला अवशेष म्हणजे तो शेवटचा ‘त’. अस्तित्व दाखवणाऱ्या क्रियापदाचे एक अक्षर.

आदरार्थी रूपासाठी मी वाक्य दिले, ‘आजोबा बोटीने मुंबईला गेले’. हे मी कोणत्याही हेतूने दिले नव्हते. प्रश्नावलीत जागा रिकामी होती आणि आजीशी बोलताना ‘आजोबा’ हा शब्द सहज आला. तिने म्हटले, “हे बोटीने मुंबईला गेलेत.” मी म्हणालो, आजी, ‘गेलेत’ नको, ‘गेले’ म्हण. तिने पुन्हा ‘गेलेत’ म्हटले. आमच्या बोलीत साधा भूतकाळ आदरार्थी रूपात वापरलाच जात नाही की काय, अशी शंका मला आली. तसे असते तर तो प्रबंधाच्या दृष्टीने मोठाच शोध ठरला असता. मी तिसऱ्यांदा विचारले. चौथ्यांदा विचारताना माझ्या आवाजात थोडी घाई आहे, ती टेपवर ऐकू येते. “समज, कायमचं झालं, संपलं, तर कसं म्हणशील?”

त्यानंतर टेपवर सुमारे वीस सेकंद काही नाही. मागे रहाटाचा आवाज आहे. मग तिचा आवाज येतो, अगदी स्पष्ट, मी सांगितले होते तसा माइकजवळ तोंड नेऊन: “ते गेले.”

तिने क्रियापद तर बदललेच, सर्वनामही बदलले. आयुष्यभर नवऱ्यासाठी ‘हे’ म्हणणारी बाई ‘ते’ म्हणाली. ‘हे’ हे जवळच्याचे सर्वनाम आहे. समोर नसलेल्या माणसालाही आपल्या बायका ‘हे’ म्हणत, तो जवळ आहे असे धरूनच. मी वहीत दोन्ही रूपांसमोर बरोबरची खूण केली आणि पुढचे वाक्य विचारले. ती उठली होती. चहा टाकते म्हणाली. पुढे चार-पाच दिवस मी घरी होतो, पण ती पुन्हा टेपरेकॉर्डरसमोर बसली नाही आणि मीही कारण विचारले नाही. साहित्य पुरेसे जमले होते.

माझ्या प्रबंधात ते वाक्य उदाहरण म्हणून छापलेले आहे. खाली निवेदकाची माहिती: स्त्री, वय ७३, आक्षी. परीक्षकांना तो विभाग आवडला होता. मला त्या दिवशी काय झाले हे समजायला आणखी काही वर्षे लागली. एका वर्गात पूर्ण वर्तमानकाळ शिकवत होतो, फळ्यावर ‘गेलेत’ लिहून त्यातला ‘त’ वेगळा करून दाखवला आणि मग मला पुढे बोलता येईना. विद्यार्थ्यांना वाटले, सरांना बरे वाटत नाही. १९९८ साली आजी गेली. मी हे वाक्य सहज लिहिले आहे, तसेच राहू देतो.

वडिलांना मी हे सारे बऱ्याच उशिरा सांगितले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “म्हणजे तुझ्या आजीच्या एका ‘त’ने माझं कॉलेज बुडालं.” मग थोड्या वेळाने, “बारा वर्षं आम्ही सगळे मिळून जे तिच्याकडून वदवू शकलो नाही, ते तू एका दुपारी वदवलंस.” यात कौतुक नव्हते.

किनाऱ्यावरच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट नोंदवायची राहिली. ‘रामदास’ हे नाव पुरुषाचे, संताचे. पण आमच्याकडचा कोणीही ‘रामदास बुडाला’ असे म्हणणार नाही. ‘रामदास बुडाली’, ‘रामदास सुटली’, ‘रामदास भरून यायची’. व्याकरणात याचे स्पष्टीकरण सोपे आहे: ‘बोट’ हे नाम अध्याहृत असते आणि क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे चालते. शेजारच्या कोळीवाड्यात ‘ड’चा ‘र’ होतो, तिथे ‘बुरली’ असे ऐकू येते. पण हे सांगणाऱ्या एका वृद्ध कोळ्याने मला वेगळेच सुचवले होते. नाव काहीही ठेवा, तो म्हणाला, माणसे पोटात घेऊन जाते ती बाईच. त्याचे वडील त्या दिवशी होडी घेऊन गेले होते. किती माणसे वाचवली, असे विचारल्यावर त्याने आकडा सांगितला नाही. होडीत जागा संपली तेव्हा काय झाले, तेवढे सांगितले. ते मी लिहून घेतले नाही.

चंद्र-सूर्याच्या गणितात तिथी आणि तारीख दर एकोणीस वर्षांनी जवळजवळ पुन्हा जुळतात. १९४७ नंतर चार वेळा एकोणीस वर्षे गेली आणि २०२३ साली पुन्हा अधिक श्रावण आला. १७ जुलैला पुन्हा आषाढी अमावास्या आली. त्या दिवशी सोमवार होता. मला मुंबईत विद्यापीठाचे काम होते आणि संध्याकाळपर्यंत अलिबागला वडिलांकडे पोचायचे होते. त्यांनी ब्याऐंशी पुरी केली होती. रस्त्याने तेव्हा चार तास लागत. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो आता पावसाळ्यातही चालते. मी रो-रोने येतो असे फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडे थोडी शांतता होती.

“आज अवस ना?” त्यांनी विचारले.

“हो. मध्यरात्रीपर्यंत आहे.”

“बरं. ये.”

रो-रो म्हणजे पोलादी इमारतच असते. खाली मोटारी, वर खुर्च्या, काचा, चहा-सामोसे. पाऊस काचांवरून वाहत होता आणि काशाचा खडक कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज करण्यापलीकडे काही दिसत नव्हते. समोर बसलेले एक कुटुंब मोबाइलवर सिनेमा पाहत होते. बोट मधोमध थोडी हलली, तेव्हा त्यांच्यातल्या मुलीने आईचा हात धरला आणि आईने पडद्यावरची नजर न काढता तो धरू दिला.

मांडव्याच्या जेटीवर उतरत होतो तेव्हाच फोन वाजला.

“लागली का बोट?” वडील विचारत होते.

“लागली,” मी म्हणालो.

“ये मग. दिवे घासून ठेवलेत.”